शेपटीचं माप

कुंदामावशी,

परवा तुझी लेक वैशाली तुझा फोटो घेऊन दुकानात आली. तुझ्या शिवणक्लासच्या सर्टिफिकेट वाटपातला, गळ्यात टेप तशीच लोंबतेय. 'धनादादा, बारा बाय अठराची फ्रेम घेतलीय, तेवढा मोठा करून दे,' म्हणाली. मी फोटो काचेवर ठेवला आणि सवयीने विचारून बसलो, 'किती टक्के?'  तिने उलट विचारलं, 'गळ्यातली टेप काढून टाकता येईल का रे?' मी म्हटलं, येईल, पण नको काढूया. तिलाही ते पटलं.

तू जाऊन सतरा दिवस झाले. इमारतीतल्या बायका तुझ्या हाताबद्दल बोलतात, गिरणी बंद पडल्यावर तू मशीनवर घर कसं ओढलंस ते सांगतात. ते सगळं खरंच आहे आणि ते सांगायला माणसं भरपूर आहेत. मला तुला एक विचारायचं आहे आणि एक सांगायचं आहे. विचारायचं असं, की विमानाची शेपटी मोठी लागते हे तुला कुठून कळलं? आणि सांगायचं ते गेली दोन वर्षं सांगितलेलं नाही. आधी विचारण्याकडेच येतो. अवघड काम मागे ढकलायची माझी खोड तुला माहीत आहे.

आपली ओळखच भांडणाने झाली होती. घाटकोपरच्या आपल्या डोंगरावरच्या चाळी पडल्या, सात मजल्यांची इमारत उभी राहिली, त्यात तुला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आणि मला तळाला झेरॉक्सचा गाळा. पहिल्याच आठवड्यात तू वर्तमानपत्रातलं विमानाचं चित्र घेऊन आलीस. म्हणालीस, दुप्पट कर. मी एकशे एक्केचाळीस दाबलं आणि छोट्या कागदाचं चित्र मोठ्या कागदावर काढून दिलं. तू गळ्यातली टेप काढलीस, आधी हे मोजलंस, मग ते.

'ही दुप्पट?'

'दुप्पटच आहे मावशी. कागद बघा ना, डबल झाला.'

'कागद गेलो खड्ड्यात. पंख मोज. दुप्पट म्हणजे दोन, मेल्या. हे दीडपटसुद्धा नाय.'

मी बारा वर्षं झेरॉक्सचा धंदा करत होतो आणि त्या दिवसापर्यंत मला कोणी हे विचारलं नव्हतं. लांबी-रुंदी एक्केचाळीस टक्क्यांनी वाढली की कागदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, हे मी नंतर घरी वहीत मांडून पाहिलं. तुला ते टेपने अर्ध्या मिनिटात कळलं होतं. पैसे परत मागशील म्हणून मी तयारीत होतो, तर तू म्हणालीस, 'आता माका सांग, ह्याचा पोट कसा कापतत?'

वरून दर दोन-तीन मिनिटांनी चाकं बाहेर काढलेलं विमान जातं. आपण सगळेच बोलणं अर्धवट थांबवतो, ते गेलं की पुढचा शब्द उचलतो. पण त्याचं पोट कापतात कसं, हा प्रश्न या डोंगरावर फक्त तुला पडला होता. सपाट पत्र्याचा गोल कसा करतात? नाकाशी चुण्या का पडत नाहीत? तू चाळीस वर्षं सपाट कापडातून गोल माणसं बाहेर काढत होतीस, त्यामुळे तुला हा आपल्याच बिरादरीतल्या कोणाचा तरी उद्योग वाटला असणार.

मग तू खाकी कागदावर फर्मे, म्हणजे कटिंगचे नमुने, काढायला लागलीस, आणि मी ते स्कॅन करून जाड कार्डशीटवर छापून द्यायला लागलो. पहिलं विमान हातभर लांबीचं. नाकाला गोलाई यावी म्हणून तू टक्स दिले होतेस, ब्लाउजला देतात तसेच, चार. ते चिकटवल्यावर नाक इतकं गुळगुळीत आलं की मी तोंडात बोटं घातली. 'कटोरी ब्लाउजचं कटिंग आहे ते,' असं तू चारचौघांत मोठ्याने सांगितलंस आणि दुकानात उभे असलेले दोन कॉलेजचे मुलगे कानापर्यंत लाल झाले.

दुसरं विमान मोठं करायचं ठरलं तेव्हा मी हुशारी केली. जुनी फाइल उघडली आणि सरळ दोनशे टक्के केली. सगळं दुप्पट झालं. चिकटवायच्या पट्ट्या बोटभर रुंद झाल्या आणि पंख खोचायची चीर इतकी सैल झाली की पंख लडबडायला लागला, कारण कार्ड तेवढंच जाड होतं आणि चीर मात्र दुप्पट. तू हातात घेऊन पाहिलंस आणि हसत सुटलीस. म्हणालीस, 'बत्तीसचा ब्लाउज चाळीसचा करताना मार्जिन कोण वाढवतं रे? शिलाई अर्ध्या इंचाचीच. खांदासुद्धा छातीएवढा वाढत नाही. माणूस टक्क्याने वाढत नाही, धना.'

तिथून आपला वाद सुरू झाला तो शेवटपर्यंत. माझं म्हणणं एकच होतं. स्केल म्हणजे स्केल. खरं विमान शंभरपट लहान केलं तर त्याच्या खिडकीचं भोकसुद्धा शंभरपटच लहान झालं पाहिजे. त्यात आपण आपली मर्जी घातली तर ते खेळणं झालं. तुझं म्हणणं होतं की लहान केलं की ते दुसरंच अंग होतं, त्याचं माप नव्याने घ्यावं लागतं. मी इंटरनेटवरून विमानाची तीन बाजूंची चित्रं काढून तुझ्यासमोर ठेवायचो. तू ती बघायचीस, हो हो म्हणायचीस, आणि तुला हवं ते कापायचीस.

खरं तर इंटरनेटच्या मापांवर तुझा विश्वासच नव्हता. स्वतः घेतलेलं माप तेच माप. म्हणून तर तो सावलीचा उद्योग झाला. मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस. तू गच्चीवर कुरडया राखत बसली होतीस आणि साडेबाराच्या सुमारास तुझी सावली पायाखाली नाहीशी झाली. तेवढ्यात विमान गेलं आणि त्याची सावली समोरच्या मैदानावरून सरकली. तू धापा टाकत दुकानात आलीस. 'धना, आज त्याची सावली म्हणजे वरून घेतलेलं माप. जेवढं ते, तेवढीच ती. चल.'

दुसऱ्या दिवशी तू शिवणक्लासच्या चौदा बायका भर उन्हात मैदानात ओळीने उभ्या केल्यास, दोघींमध्ये तीन-तीन मीटर, टेपने मोजून, पायाशी खडूची खूण. डोक्यावर छत्री घ्यायला बंदी. ज्या बाईच्या पायाशी सावली येईल तिने हात वर करायचा. पहिल्या दोन विमानांना सगळ्या वर बघत राहिल्या. तिसऱ्याला निम्म्यांनी डोळे मिटले. चौथं बरोबर ओळीवरून गेलं आणि पापणी लवायच्या आत दहा हात वर झाले. दोन्ही टोकांच्या बायकांचं मात्र ठरेना. एक म्हणाली, 'सावली नाही दिसली, पण उजेड जरा हलल्यासारखा झाला.' तू ते वहीत तसंच लिहून घेतलंस.

आपलं माप तीस मीटरच्या आसपास आलं. माझ्या चित्रात छत्तीसच्या जवळ होतं. मी विजयी चेहरा केला. तू म्हणालीस, 'टोकं पातळ असतात. पातळ कडेची सावली विरते.' मी हसलो. पुढे महिनाभराने मला ते एका ठिकाणी वाचायला मिळालं. सूर्य ठिपका नाही, तो थाळी आहे. त्यामुळे उंचावरच्या पातळ वस्तूची सावली जमिनीवर येईपर्यंत पुसट होऊन जाते. तू म्हणाली होतीस तेच. ते मी तुला येऊन सांगितलं नाही. म्हटलं, आधीच शेफारलीय.

आता सांगायचं ते सांगतो.

त्यानंतरच्या वर्षी तू सगळ्यात मोठं विमान काढायला घेतलंस. पंख दोन हात लांब, आतून पोकळ, नाकाला तुझे टक्स, आणि या वेळी ते नुसतं दिसायला नको, उडायला हवं होतं. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडायचं, असं तू सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर करून आली होतीस. दोन महिने तू त्याच्यावर होतीस. मग खाकी कागद गुंडाळून माझ्याकडे दिलास आणि वैशालीकडे मुलुंडला चार दिवस राहायला गेलीस.

मी तो स्कॅन केला आणि माझ्या चित्राशी ताडून पाहिला. सगळं जुळत होतं, शेपटीचा आडवा पंख सोडून. तो साधारण एक षष्ठांशाने मोठा होता. तेव्हा नुकतंच तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मला वाटलं, मावशीच्या डोळ्यांनी दगा दिला. तुला विचारायला एक फोन पुरे होता. मी केला नाही. शेपटी निवडली, माउसने ओढून चित्राएवढी बारीक केली आणि छापून टाकली. खरं सांगू का, मला बरं वाटलं होतं. तुझी चूक मी गुपचूप झाकली, कोणाला कळू दिली नाही, असा आव मी माझ्याशीच आणला. खाली कुठेतरी हेही होतं की एवढ्या वादानंतर एकदा तरी स्केल माझ्या मनासारखं झालं.

एक मेला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तू नवी साडी नेसली होतीस. पोरं खाली कंपाउंडमध्ये दोन्ही बाजूंना उभी. तू हात मागे नेऊन अलगद सोडलंस. चार-पाच हात ते सरळ गेलं, मग नाक वर काढलं, हवेत थबकलं, आणि नाकावरच खाली आलं. टक्स दिलेलं ते सुंदर नाक फरशीवर चेपलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण पोरांना आपटलेलंही आवडतं. तू जिना उतरून आलीस, ते उचललंस, टेप काढून शेपटी मोजलीस. मग परत मोजलीस.

'मी एवढी बारीक काढलंय?' असं तू कोणालाच न विचारता म्हणालीस. 'डोळे गेले माझे.'

मी तुझ्यापासून तीन फुटांवर उभा होतो.

पुढच्या आठवड्यात तू दुकानात आलीस. 'तो खाकी कागद दी. खंय चुकलंय ता माका बघूक व्हया.' कागद माझ्या मागच्या कपाटात होता, गुंडाळी करून, वर रबरबँड लावून. मी म्हणालो, सापडत नाहीये मावशी, पसाऱ्यात कुठेतरी गेला. तू बरं म्हणालीस. परत मागितला नाहीस, आणि त्याचं मला त्या वेळी हायसं वाटलं, हे लिहिताना आता लाज वाटते.

मग तू हळूहळू हात काढून घेतलास. आधी नवीन गिऱ्हाईक घेईनाशी झालीस, मग लग्नाचे ब्लाउज, मग कटिंगच सोडलंस. क्लासच्या बायकांना सांगायचीस, शिलाई मारून देईन, कात्री तुम्ही चालवा. मी विचारलं तर म्हणालीस, 'माझा माप चुकता आता. लोकांचा कापड कशाक फुकट घालवू?' तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत यायचं, तेवढ्यात विमान जायचं. विमान गेल्यावर मी दुसराच विषय काढायचो.

परवा तुझा फोटो प्रिंटरमधून बाहेर आला आणि वैशाली तो घेऊन गेली, तेव्हा मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि कपाटातून तो खाकी कागद काढला. मला कळून घ्यायचं होतं. तू चुकली होतीस, की मी? दोन विमानं छापली, एकाला माझी शेपटी, एकाला तुझी. कापायला आणि चिकटवायला अख्खी रात्र गेली. नाकाचे टक्स मला तुझ्यासारखे जमले नाहीत, चुणी राहिलीच. दोन्हीच्या नाकात सारखंच वजन घातलं, गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीवर चढून आळीपाळीने सोडत बसलो.

माझ्या शेपटीचं विमान दहापैकी आठ वेळा तसंच वागलं. नाक वर, थबकणं, आपटणं. तुझ्या शेपटीचं विमानही नाक वर करायचं, पण मग स्वतःच ते खाली आणायचं, जरा डुलायचं आणि सरळ व्हायचं. गच्चीच्या या टोकावरून त्या टोकाला घाई न करता जायचं. मग मला चेव आला. शेपटी तुझ्यापेक्षा मोठी करून पाहिली. फार फरक पडेना, उगाच मागचं अंग जड झालं. पुन्हा थोडी लहान केली, तर डुलणं वाढलं. म्हणजे तू जिथे थांबली होतीस तिथेच थांबायला हवं होतं. हे तुला कोणी सांगितलं? पुस्तकं तू वाचत नव्हतीस. इंटरनेटला तू पोरांचा बाजार म्हणायचीस. वरून जाणाऱ्या विमानाकडे बघून तर हे कळणार नाही, त्याला त्याची ती शेपटी पुरते. त्याला पुरते तर आपल्याला का पुरत नाही? कालपासून मी हाच विचार करतोय. गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाच्या प्रती काढताना करतोय. तू असतीस तर चौथ्या मजल्यावर आलो असतो आणि विचारलं असतं.

आज दुपारी मी चौथ्या मजल्यावर गेलोच. वैशाली तुझं सामान आवरायला आली होती. मशीनवर चादर टाकलेली. मी खाकी कागद आणि दोन्ही विमानं तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं.

तिने दोन्ही विमानांच्या शेपट्या बोटाने चाचपून पाहिल्या. मग म्हणाली, 'तिला मी सांगितलं होतं, आई आता बस कर. डोळ्यांवर ताण नको. मीच मशीनवर चादर टाकली.'

'तुझी काही चूक नाही.'

'ते मला कळतंय. तुझी आहे ते पण कळतंय.' तिचा आवाज चढला नाही. 'तिला का नाही सांगितलंस?'

'आधी लाज वाटली. मग उशीर झाला असं वाटत राहिलं.'

'माझ्या नणंदेच्या लग्नाचं कापड तिने परत पाठवलं, दादा. रडली होती त्या दिवशी.'

मला हे माहीत नव्हतं.  मी तिथेच तुझ्या कटिंगच्या टेबलाला टेकून उभा राहिलो.

मग तिने तो खाकी कागद उचलला आणि पहिलं काही केलं असेल तर तो उलटा केला. मी विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, 'आई मागे लिहायची ना. गिऱ्हाइकाला कुठे सैल हवं, कुठे घट्ट, का. पुढे नुसत्या रेघा. शिंप्याच्या घरात फर्मा आधी मागून वाचतात.'

मला ते ठाऊक नव्हतं. झेरॉक्सवाल्याला कागदाची एकच बाजू असते, काचेवर पालथी घातलेली. दोन वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता. परवा मी त्यावरून दोन विमानं छापली, आणि तेव्हाही उलटून पाहिला नाही.

मागे तुझ्या निळ्या पेन्सिलीत लिहिलेलं होतं. वैशालीने खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. 'हेच्या आत माणूस नाय. म्हणान शेपटी वाढवलंय.'

एवढंच होतं माझ्या प्रश्नाचं उत्तर. वरच्या विमानात माणूस बसलेला असतो. नाक जरा वर गेलं की तो खाली आणतो, खाली गेलं की वर उचलतो, सारखा. आपल्याला हातातून सोडलं की सोडलं. त्याचं त्यालाच सावरावं लागतं, आणि सावरायला त्याच्याकडे ती शेपटीच तेवढी असते. अंगात कोण आहे ते बघून तू माप घेतलं होतंस. मी भान विसरून म्हणालो, 'काय डोकं होतं गं मावशीचं.'

'अजून एक ओळ आहे,' वैशाली म्हणाली. तिने ती आधी मनात वाचली. मग माझ्याकडे न बघता मोठ्याने वाचली.

'जास्त झाली काय ता धना बघतलो.'

मावशी, मी बघितलं नाही.